बाळपणी मयत

वकिलीच्या धंद्यात काही शब्द इतक्या वेळा नजरेखालून जातात की त्यांचा अर्थ मनास शिवेनासा होतो. वाटणीच्या दाव्यास वंशावळ जोडावी लागते. वर मूळ पुरुष, खाली त्याचे पुत्र व कन्या, त्यांच्याखाली नातवंडे. आणि मधूनच एखाद्या नावापुढे बारीक अक्षरांत शेरा असतो : 'बाळपणी मयत'. ज्यास वारस नाही, ज्यास हिस्सा नाही, ते नाव वकिलाच्या उपयोगाचे नाही. बोट पुढे सरकवावे आणि हयात शाखेवर यावे, ही आमची गेल्या वीस वर्षांची सवय.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडी, निपाणीजवळच्या एका खेड्यातील तंबाखूच्या जमिनीचा दावा आमच्याकडे आला. पक्षकार ऐंशीच्या घरातील गृहस्थ. त्यांनी तोंडाने सांगावे आणि आमच्या कारकुनाने वंशावळ लिहून घ्यावी, असे चालले होते. त्यांच्या आजोबांस नऊ अपत्ये. त्यांपैकी पाचांपुढे कारकुनाने तोच शेरा लिहिला. पाचव्या वेळी त्याचा हात किंचित थांबला, आणि आमच्या तोंडून सहज प्रश्न गेला, "आजोबा, ही पाच कशाने गेली?"

"तीन देवीत गेली, एक घटसर्पात, नि एक गोवरात," गृहस्थ म्हणाले. "गोवरात गेली तिचं नाव ठेवायचं राहिलंच होतं. नुसतं 'मुलगी' लिवा."

पुढची पिढी म्हणजे ते स्वतः व त्यांची भावंडे : सहा, त्यांत दोघे बाळपणी मयत. त्यांची मुले चार, चारही हयात. नातवंडे सात, सातही हयात. कागदाच्या वरच्या अंगास शेऱ्यांची दाटी आणि खाली येता येता कागद कोरा. दावा अजून चालूच आहे. आमच्याकडे दावे माणसांपेक्षा अधिक आयुष्य घेऊन जन्मास येतात. परंतु त्या दिवसापासून आमचे बोट त्या शेऱ्यावरून पूर्वीसारखे चटकन पुढे सरकत नाही. जुने कागद चाळताना आम्ही नकळत मोजू लागलो आहो.

आमच्या मातोश्रींच्या दंडावर रुपयाएवढे दोन वण आहेत. त्यांचे माहेर कारवाराकडचे, घरची बोली कोंकणी. लहानपणी त्या वणांवरून बोट फिरवीत आम्ही त्यांस विचारीत असू की, हे काय आहे, आणि त्या म्हणत, "देवी काढल्या त्या." आम्हांस हा शब्दप्रयोग मोठा विचित्र वाटे. ज्या देवीस आपण नवस करतो, तिलाच काढायचे कसे? आमच्या स्वतःच्या दंडावर तसला वण नाही. आमचा जन्म झाला तोवर देवीचा रोग या देशातून गेला होता, आणि टोचणेही थांबले होते. आमच्याकडे आहे तो क्षयाच्या लशीचा लहानसा डाग. देवीचा वण अंगावर वागविणारी माणसे आता पन्नाशीच्या पलीकडचीच उरली. आणखी काही दशकांनी या देशात तसा एकही दंड राहणार नाही.

घरात देवी वा गोवर आला म्हणजे काय करीत, हे मातोश्री अजून सांगतात. दारास कडुनिंबाचा डहाळा बांधावयाचा, फोडणी घालावयाची नाही, परक्याने उंबरठा ओलांडावयाचा नाही, मुलास हलक्या हाताने निंबाच्या पाल्याने वारा घालावयाचा, आणि 'आई आल्या आहेत' एवढेच हळू आवाजात बोलावयाचे. या चालींस हसणारे सुशिक्षित आम्ही पुष्कळ पाहिले. आम्हांस हसू येत नाही. परक्यास दाराबाहेर ठेवणे यात रोग्यास वेगळे काढण्याचे शहाणपण होते, आणि दुसरा उपाय हाती नसलेल्या घराने याहून अधिक काय करावे? एकच गोष्ट आम्हांस पटत नाही. मूल गेले म्हणजे 'देवीने नेले' असे म्हणत. आपण जिला आई म्हणतो ती मुले नेत नाही. मुले नेत होता तो रोग. त्यास आपण आईचे नाव दिले, ते बहुधा भीतीने.

हिंदुस्थानात पहिल्याने ज्या मुलास ही लस लागली ते मूल मुंबईचे. इंग्लंडात जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीची लस एका आठ वर्षांच्या मुलास टोचली, त्यास सहाच वर्षे झाली होती. युरोपातून निघालेली लस बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करीत मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. लस जिवंत ठेवावयाची ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशीच. त्या एका मुलीच्या फोडातील पाण्यापासून पुढे मुंबईची इतर मुले टोचली गेली, आणि तेथून ती लस देशभर गेली. जातीजातींत विटाळ मानणाऱ्या समाजात एकाच्या अंगचा स्राव दुसऱ्याच्या अंगात जावयाचा, यास विरोध न होता तरच नवल. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढविण्याची रीत निघाली, तेव्हा हा आक्षेप मिटला आणि वासरास इजा होते हा नवा उभा राहिला. विरोधाचे कारण बदलते, विरोध राहतो. हे आम्ही पुढे स्वतःच्या घरात पाहिले.

वासरांवरून आठवले. बेळगावास टिळकवाडीत 'व्हॅक्सिन डेपो' नावाचे झाडीने भरलेले विस्तीर्ण आवार आहे. सीमाभागातील मराठी माणसास हे नाव सभा-मेळाव्यांमुळे पाठ आहे. तेथील मैदानावर सभेस परवानगी मिळाली की नाही, यावर आमच्या न्यायालयाच्या आवारात कित्येक दुपारी गेल्या. परंतु हे नाव पडले कशावरून, असे विचारले तर शंभरातील दहा जणही सांगणार नाहीत. ते लस करण्याचे ठिकाण होते. तेथे देवीची लस तयार होई. वासराच्या अंगावरील केस काढून, कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यात बीज घालावयाचे. काही दिवसांनी उठलेले फोड खरवडून, ग्लिसरीनमध्ये घोटून लस भरावयाची. असा हा उद्योग. ही ओली लस उन्हाळ्यात लवकर निकामी होई. म्हणून पुढे गोठवून वाळविलेली लस निघाली, आणि देवीच्या निर्मूलनाच्या अखेरच्या लढाईत ही वाळविलेली लस भारतात चार ठिकाणी तयार होत होती : उत्तरेस पटवाडांगर, दक्षिणेस मद्रासजवळचे गिंडी, हैदराबाद, आणि चौथे आमचे बेळगाव. १९७४ मध्ये देशात देवीचे एक लाखाहून अधिक रुग्ण होते. मे १९७५ नंतर एकही नाही. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या विजयात ज्या आवाराचा हात होता त्यावरून आम्ही आज भाषिक हक्कांचे भांडण करतो. भांडण आमचे खरे आहे, त्याविषयी आम्ही येथे काही म्हणत नाही. परंतु त्या झाडांखालून जाताना वासरांची आठवण एखाद्याने तरी करावी.

आता आमच्या घरची गोष्ट सांगावयाची, आणि ती सांगण्यास आम्हांस आठ वर्षे लागली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने गोवर व रुबेला या दोन रोगांवरील एकत्रित लशीची मोठी मोहीम काढली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील प्रत्येक मुलास, पूर्वी टोचलेले असो वा नसो, एक मात्रा द्यावयाची होती. आरंभ ज्या राज्यांत झाला त्यांत कर्नाटक होते, गोवाही होते. आमची कन्या त्या वेळी नऊ वर्षांची. शाळेतून चिठ्ठी आली. त्याच आठवड्यात आमच्या भ्रमणध्वनीवर एकामागून एक निरोप येऊ लागले : ही लस घेतलेल्या मुलींस पुढे अपत्य होत नाही, हा परदेशी कंपन्यांचा प्रयोग आहे, अमुक गावी इतकी मुले बेशुद्ध पडली. लस परदेशी नव्हती, ती पुण्यास सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली होती. निपाणीहून पुणे हमरस्त्याने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. परंतु हे आम्ही त्या वेळी पाहिले नाही. एखाद्या साक्षीदाराने न्यायालयात असली ऐकीव गोष्ट सांगितली असती तर आम्ही उभे राहून हरकत घेतली असती. घरी मात्र तीच ऐकीव गोष्ट आम्ही पुरावा म्हणून दाखल करून घेतली. संशयाचा फायदा आरोपीस द्यावा, ही आमच्या धंद्याची शिकवण. आम्ही तो फायदा अफवेस दिला. चिठ्ठीवर 'सध्या नको' असे लिहून सही केली, आणि आपण मोठे सावध पालक आहो अशा समाधानात न्यायालयात गेलो.

त्या सायंकाळी देवळात आरतीनंतर हाच विषय निघाला. आमच्या देवळाच्या मंडळींत शिकलेली माणसे पुष्कळ, पण कायद्याचा माणूस म्हणून आमच्या शब्दास जरा अधिक वजन. कोणी विचारले, "वकीलसाहेब, तुमच्या मुलीस टोचले काय?" आम्ही म्हणालो, "नाही, जरा थांबलो आहो." एवढेच. विरोधाचे भाषण केले नाही, कोणास नको म्हटले नाही.

पुढे दहा-बारा दिवसांनी आमच्या कुटुंबाने आम्हांस न विचारता मुलीस सरकारी दवाखान्यात नेले आणि टोचून आणले. संध्याकाळी तिने ते आम्हांस सांगितले तेव्हा आम्ही काही बोललो नाही. मनातून आम्हांस बरेच वाटले, कारण तोवर आमचा संशय आमच्याच पायांवर उभा राहीनासा झाला होता. दुसऱ्या दिवशी मुलीचा दंड थोडा दुखला, आणि तिसऱ्या दिवशी ती लंगडी खेळत होती. गोष्ट येथे संपावयाची. परंतु 'वकीलसाहेब थांबले आहेत' ही गोष्ट गल्लीस कळली होती. 'वकीलसाहेबांच्या मुलीस टोचले' ही मात्र कोणास कळली नाही, कारण ती आम्ही देवळात सांगितली नाही. सांगावयास लाज वाटली, हे खरे कारण.

देवळाची झाडलोट करणारी एक बाई आहे. दिवसा घरी विड्या वळते, पहाटे सभामंडप झाडते. तिचा मुलगा त्या वेळी अडीच वर्षांचा होता. नवव्या महिन्याची गोवराची लस त्यास मिळाली नव्हती, कारण तेव्हा ती माहेरी होती आणि माहेर सरहद्दीपलीकडे कागल तालुक्यात. इकडचे कार्ड तिकडे कोणी पाहिले नाही, परत आल्यावर वेळ टळली म्हणून तिने पाहिले नाही. मोहिमेच्या वेळी अंगणवाडीची बाई तिच्या दारी दोनदा येऊन गेली. तिने मुलास नेले नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात ती मुलास घेऊन माहेरी यात्रेस गेली आणि तेथे त्यास गोवर निघाला. येथे वाचकांनी एक तारीख लक्षात घ्यावी. सरहद्दीच्या अलीकडे मोहीम झाली ती फेब्रुवारी २०१७ मध्ये. पलीकडे महाराष्ट्रात ती सुरू झाली नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस. कोगनोळीच्या नाक्यावर दोन राज्यांच्या पाट्या आहेत, मधून दूधगंगा वाहते, आणि दोन्ही काठांवर एकच सोयरीक. लेकी इकडून तिकडे जातात, बाळंतपणे तिकडे होतात, जत्रेस दोन्हीकडची पोरे एका पाळण्यात बसतात. मोहिमेचे वेळापत्रक तेवढे दोन. गोवराच्या एका रुग्णापासून, भोवती लस न घेतलेली मुले असली तर, बारा ते अठरा जणांस तो होऊ शकतो. त्यास सीमाप्रश्न ठाऊक नाही.

मुलगा वाचला. गोवरामागून छातीचा विकार झाला, त्यात तो कोल्हापुरास बरेच दिवस पडून होता. मग कान वाहू लागला. डाव्या कानाने त्यास आता फार थोडे ऐकू येते. तो बरा होऊन आल्यावर एके पहाटे आम्ही सभामंडपात त्या बाईस गाठले आणि विचारले की, मोहिमेच्या वेळी तू मुलास का नेले नाहीस? ती झाडू थांबवून म्हणाली, "तुमी बी थांबला हुता न्हवं वकीलसाहेब? म्हनलं, शिकलेली मानसं थांबत्यात, तर आपन कशाला घाई करावी." आणि मग आमचा चेहरा पाहून, आम्हांसच धीर द्यावा तसे, "देवीची मर्जी. तुमी काय करनार त्यात?" असे म्हणून तिने पुन्हा झाडावयास आरंभ केला.

देवीची मर्जी नव्हती. मर्जी आमची होती.

या गोष्टीनंतर आम्ही या विषयावर वाचू लागलो. खटला हरल्यावर कायदा वाचावा तसे. वाचता वाचता आढळले की भीती नेहमीच खोटी असते असेही नाही, आणि हे लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी २०२२ मध्ये आमच्याच बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस टोचल्यानंतर तीन तान्ही बालके दगावली. लशीच्या कुप्यांची हाताळणी चुकली, त्या दूषित झाल्या, असा प्राथमिक निष्कर्ष निघाला. ही लस भुकटीच्या रूपात येते. पाण्यात कालविल्यावर चार तासांच्या आत वापरावयाची, नाही तर फेकून द्यावयाची. त्यात रोगजंतू मारणारे दुसरे औषध नसते. नियम मोडला तर त्याच कुपीत विष तयार होते. त्या आठवड्यात आमच्या पायरीवर चार बायका आल्या : "आता तरी सांगा, टोचायचं का न्हाई?"

आम्ही त्यांस मुलकोवालची गोष्ट सांगितली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने थोड्याच महिन्यांत त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्याने स्वतःस टोचून घेतली. पुढच्या वर्षी आमच्या दक्षिणेस हुबळीस हजारो लोकांस ती टोचली गेली. मग १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. चौकशी बसली, दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. खरी हकीकत अशी की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करता बाटलीच्या बुचास लावण्यात आला. ही साक्ष कागदपत्रांत पहिल्यापासून होती. परंतु हाफकिन निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले, तेही रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीर पत्रे लिहिली तेव्हा. परळच्या त्या प्रयोगशाळेस आज त्यांचेच नाव आहे. मुलकोवाल आणि रामदुर्ग यांमध्ये १२० वर्षे गेली, आणि दोन्हीकडे लस निर्दोष, हात सदोष.

बायकांपैकी एकीने विचारले, "मग ज्यांची लेकरं गेली त्यांनी काय करायचं?" या प्रश्नास आमच्याजवळ सरळ उत्तर नव्हते. वकील म्हणून आमचे मत असे आहे की, समाजाच्या रक्षणासाठी सरकार प्रत्येक आईपुढे हात पसरते, तर लाखांत एखाद्या आईची ओटी रिकामी झाली असता तिला कोर्टाच्या पायऱ्या झिजवावयास लावू नये. इंग्लंडात १९७९ मध्ये आणि अमेरिकेत १९८६ मध्ये यासाठी कायदे झाले. कोणाची चूक हे सिद्ध करण्याची वाट न पाहता लशीने इजा झालेल्यास रक्कम मिळावी, असा त्यांचा हेतू. असा कायदा आपल्या देशातही मुलांच्या लशींसाठी असावा. दोष लपविल्याने विश्वास वाढत नाही, हे आमच्या धंद्यातील प्रत्येक माणूस जाणतो.

सक्ती करावी काय, हा दुसरा प्रश्न. मुंबई इलाख्यात देवी काढण्याच्या सक्तीचा कायदा होता. शहरासाठी १८७७ चा, जिल्ह्यांसाठी १८९२ चा. इंग्लंडात १८५३ पासून सक्ती होती, तिच्याविरुद्ध इतका गदारोळ झाला की १८९८ मध्ये मनास न पटणाऱ्या पालकास सूट द्यावी लागली. अमेरिकेत जेकबसन नावाच्या एका धर्मोपदेशकाने पाच डॉलरांच्या दंडासाठी सर्वोच्च न्यायालय गाठले आणि १९०५ मध्ये तो हरला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी, करोनाच्या लशीच्या संदर्भात, असा निर्णय दिला की कोणासही बळजबरीने टोचता येणार नाही. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारास वाजवी निर्बंध घालता येतील, आणि लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवावी लागेल. निर्णय आम्हांस पटला. तरीही मनात येते की २०१७ मध्ये आमच्यावर सक्ती असती, तर त्या मुलाचे दोन्ही कान शाबूत असते. कायद्याच्या पुस्तकातील मत आणि सभामंडपातील मत आमच्या एकाच डोक्यात राहतात आणि त्यांचे पटत नाही.

जगाचे म्हणाल तर वंशावळीचा तो कागद सर्वत्र सारखाच उतरला आहे. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व बालकांच्या लसीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा गरीब देशांतील शंभरांपैकी पाच मुलांसही या लशी मिळत नव्हत्या. २०२४ मध्ये त्यास पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने तज्ज्ञांनी हिशेब मांडला : पन्नास वर्षांत १५ कोटी ४० लाख जीव वाचले, म्हणजे मिनिटास सहा; आणि त्यांतील नऊ कोटींहून अधिक एकट्या गोवराच्या लशीने. आपल्या देशात १९७८ मध्ये हे काम सुरू झाले, १९८५ पासून ते सर्व जिल्ह्यांत न्यावयाचे ठरले. पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यास आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो. पोलिओच्या रविवारी आमच्या सभामंडपात टेबल मांडून मुलांस थेंब पाजीत, हे आम्ही पाहिले आहे. पुजारीबुवा आधी तीर्थ देत आणि मग त्या बाईंकडे बोट दाखवीत. एकही मूल थेंबांवाचून पायरी उतरत नसे. काम संपल्यावर आमच्या मातोश्री त्या परिचारिकांस चहा देत आणि "देव बरें करूं" म्हणत. त्या मुली कानडी भाषिक, पण अर्थ त्यांस बरोबर कळे.

परंतु कागदाच्या तळाशी शेरा पुन्हा उमटू लागल्याची चिन्हेही आहेत. २०२४ मध्ये जगात १ कोटी ४३ लाख मुले अशी होती की ज्यांस एकही लस मिळाली नाही. अशी मुले आपल्या देशात २०२३ मध्ये सोळा लाखांच्या आसपास होती, ती पुढील वर्षी नऊ लाखांवर आली. प्रगती मोठी, आणि नऊ लाखही मोठेच. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराने मुले गेली. गाझात युद्धाच्या धुमाळीत ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांचे बाळ पोलिओने पंगू झाले. तेथे पंचवीस वर्षांत असे झाले नव्हते. हे दारिद्र्याचे आणि युद्धाचे. पण श्रीमंतांचे काय? टेक्सासात राहणाऱ्या आमच्या मामेभावाचा २०२५ च्या आरंभी मातोश्रींस दूरध्वनी आला : "आते, मला लहानपणी गोवर झाला होता का?" त्याच्या राज्यात गोवराने एक मूल दगावले होते, अमेरिकेत दहा वर्षांनी पहिलेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाने गोवरमुक्त देश हा लौकिक गमावला. तेथे दवाखाने आहेत, बर्फपेट्या आहेत, वाचावयास येते. तेथील पालक आमच्यासारखेच 'जरा थांबले' होते. गोवर रोखण्यास शंभरांपैकी पंचाण्णव मुले टोचलेली असावी लागतात. म्हणजे सावध पालकांस जागा केवळ पाचांची, आणि तीही ज्यांस आजारामुळे टोचता येत नाही अशा बालकांसाठी राखून ठेवावयाची.

आमच्या भागाची अडचण आणखी निराळी. उसाच्या हंगामात बीडकडून तोडकरी येतात, फडाशेजारी खोपी घालतात, आणि चार-पाच महिन्यांनी निघून जातात. मुलांची कार्डे गावी पेटीत. येथील मराठी घरांत आईच्या हाती जे 'तायी कार्ड' पडते ते कानडी अक्षरांत, आणि आजी ते उलटेसुलटे करून पाहते. लशीच्या तारखा ज्यास वाचावयाच्या त्यास वाचता याव्यात, एवढ्यासाठी कोणाच्या भाषेचा पराभव होण्याचे कारण नाही. या मागणीचा अर्ज आम्ही एका कार्यालयात दिला होता. पोच मिळाली, पुढे काही नाही. तोवर आमच्या बैठकीत सायंकाळी कार्डे येतात. दाव्याच्या फायली बाजूस सारून आम्ही तारखा वाचून मराठीत लिहून देतो. कारकुनास हे काम फीवाचूनचे असल्याने फारसे आवडत नाही.

गेल्या महिन्यात तो मुलगा आला होता. आता अकरा वर्षांचा आहे, अंगाने थोराड. त्यास दीड वर्षाची बहीण आहे, तिचे कार्ड आईने त्याच्याबरोबर पाठविले होते. आम्ही वाचून म्हणालो, "गोवराची दुसरी मात्रा राहिली आहे. गुरुवारी न्या." त्यास ऐकू गेले नाही, आम्ही त्याच्या डाव्या अंगास बसलो होतो. त्याने सवयीने मान फिरवून उजवा कान पुढे केला, आणि आम्ही पुन्हा सांगितले.

"गुरुवारी," तो म्हणाला, आणि कार्ड खिशात घालून गेला.